बारा जण आणि एक तास

आमच्या ग्रुपमधले किस्से पॉटलकनंतर फ्रीजमध्ये उरलेल्या डब्यांसारखे साठत जातात. कुठला डबा कोणाचा, किती दिवसांचा, कोणालाच आठवत नाही, आणि तरी कोणी टाकून देत नाही. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, दर दोन-तीन आठवड्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी आम्ही जमतो. जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "अरे, तो स्पेनच्या बसचा किस्सा सांगा ना." मग संदीप त्याच्या पद्धतीने सांगतो, जोगळेकर काका त्यांच्या पद्धतीने, आणि दर वेळी तपशील बदलतात. मागच्या वेळी काकांच्या सांगण्यात बस काकाच चालवत होते.

म्हणून म्हटलं, एकदा मीच लिहून काढते. सगळे किस्से एकाच दिवसाचे आहेत. सेव्हिल ते ग्रॅनाडा, वाटेत रोंडा. शेवटचा मात्र मी पॉटलकमध्ये कधी सांगितलेला नाही. जोगळेकर काकूंना फोनवरची अक्षरं बारीक दिसतात, त्या काही हे वाचणार नाहीत, म्हणून हिंमत करतेय.

आधी आमच्याबद्दल. मी मनीषा, मूळची नागपूरची. नवरा शिरीष, पुण्याचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली. ह्या एकवीस वर्षांत आम्ही पुष्कळ फिरलो, पण दोघंच असं कधीही नाही. ग्रँड कॅन्यनला चौदा जण, यलोस्टोनला एकोणीस, अलास्काला तर दोन व्हॅन भरून. मधुचंद्राला महाबळेश्वरला गेलो तेव्हा शिरीषच्या आत्याबाई बरोबर होत्या. "नाहीतरी गाडी तिकडेच चाललीय," असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याला कोणालाही नाही म्हणता येत नाही. त्या आल्बममध्ये आम्ही दोघं कमी आणि आत्याबाईच जास्त आहेत.

त्यामुळे स्पेनचं ठरलं, सहा जोडपी म्हणजे बारा डोकी जमली आणि "टूर कंपनी कशाला, मी आहे ना" असं शिरीषने जाहीर केलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात त्याला गाठलं.

"ग्रॅनाडाला मला एक तास हवाय. तू आणि मी. तिसरं माणूस नको."

"एकच कशाला? दोन घे."

"तुझे दोन मला माहीत आहेत. एकच दे, पण दे."

"डन," तो म्हणाला, आणि लगेच काकांचा फोन घ्यायला गेला. मुलगा ओम कॉलेजला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच असतो असं लोकांना वाटतं. आमच्या घरी शिरीष आणि त्याचा फोन असे दोघं असतात, मी अधूनमधून असते. तो एक तास मला खरोखर हवा होता. हसू नका.

*

सकाळी साडेसातला सेव्हिलच्या हॉटेलसमोर मिनीबस आली. पांढरी, चकाचक. ड्रायव्हर आंतोनियो, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी शून्य. तो चावी फिरवणार तेवढ्यात जोगळेकर काकांनी हात वर केला.

"एक मिनिट. नारळ."

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. आदल्या दिवशी आम्ही सगळे कॅथेड्रल बघत होतो तेव्हा हे सुपरमार्केटमध्ये एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते, हे तेव्हा उघड झालं. लांबचा प्रवास, अनोळखी गाडी, मग नारळ फोडायला नको? काका खाली उतरले, बसपुढे उभे राहिले, डोळे मिटले आणि फुटपाथच्या कडेवर नारळ हाणला. पाणी बसच्या बंपरवर उडालं.

आंतोनियो खाली उतरला. आधी बंपर बघितला, मग टायर बघितला, मग काकांकडे बघितलं आणि शिरीषच्या फोनमध्ये काहीतरी लांबलचक बोलला. फोनने भाषांतर केलं, "माझ्या बसने ह्या गृहस्थांचं काय बिघडवलं आहे?"

शिरीषने घाईघाईने टाइप केलं, की प्रवास नीट व्हावा म्हणून आमच्यात असं करतात. आंतोनियोने वाचलं. मग तो शांतपणे बसमध्ये चढला, डॅशबोर्डवर मदर मेरीचं छोटं चित्र चिकटवलेलं होतं त्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा फोनमध्ये बोलला.

"हे काम ती करते. सव्वीस वर्षं. तिला विचारलंत का?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. शेवटी काकू उठल्या, नारळाचा एक तुकडा घेतला, त्या चित्रापुढे ठेवला, हात जोडले आणि जागेवर येऊन बसल्या. आंतोनियोने मान डोलावली. पहिल्या सिग्नलला त्याने तो तुकडा उचलून खाल्ला. त्यानंतर दिवसभर, दर वेळी बस सुरू करण्याआधी, तो मागे वळून काकूंच्या पिशवीकडे बघायचा. तुकडा हातात पडल्याशिवाय चावी फिरायची नाही.

*

बसमध्ये बसायची आमची पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे कोणाच्याही घरी पार्टी असली की दहा मिनिटांत पुरुष बेसमेंटमध्ये आणि बायका किचन आयलंडभोवती. कोणी सांगत नाही, आपोआप होतं. बसमध्येही तेच झालं. बायका पुढे, पुरुष मागे, आणि मध्ये एक रिकामी रांग, जिच्यात चिवड्याची पिशवी ठेवलेली.

शिरीष सगळ्यात पुढे, हातात माइक. "लक्ष द्या. ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्याच्या आतल्या राजवाड्यांत ठरलेल्या वेळेलाच सोडतात. आपली वेळ साडेचार. तिकिटांवर प्रत्येकाचं नाव आहे, पासपोर्ट बघतात. अर्ध्या तासाहून उशीर झाला तर खुद्द राजा आला तरी आत घेत नाहीत."

"आणि तो आतच राहत असला तर?" मागून संदीप.

संदीप म्हणजे आमच्यातला चाळिशीचा तरुण. बायको प्रिया. दोघं आधी बेलव्ह्यूला होते, दोन वर्षांपूर्वी एडिसनला आले, त्यामुळे अजून नवीन समजले जातात. शिरीषने सगळ्यांना नंबर दिले होते. काका एक, काकू दोन, संदीप सात, प्रिया आठ, मी बारा. दर थांब्यानंतर नंबर ओरडायचे. मी विचारलं, "मी बारा का? मी तुझी बायको आहे."

"म्हणून तर. तू हरवलीस तर मला आपोआप कळेल ना."

मला शंका होती. खिडकीबाहेर संत्र्यांची झाडं चालली होती आणि माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या.

*

तासाभराने एका खेड्यात थांबलो. कारण सगळ्यांचं एकच. चौकात एकच बार उघडा होता. आम्ही बारा जण रांगेने आत शिरलो आणि सरळ मागच्या दाराकडे निघालो. मालकाने हात आडवा केला आणि कॉफीच्या मशीनकडे बोट दाखवलं. काही घ्याल तरच.

"बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. "असं कोणाच्या दुकानात कसं शिरायचं? आपण काहीतरी घेऊ."

पण हॉटेलचा नाश्ता सगळ्यांच्या गळ्यापर्यंत होता. चर्चा झाली. शेवटी काकांनी बोट वर करून ऑर्डर दिली, "एक चहा."

मालकाने आमच्या बारा तोंडांकडे बघितलं. एक चहा आला. काकूंनी खुणेने आणखी कप मागितले. मालकाला वाटलं, आता खरी ऑर्डर येतेय, त्याने उत्साहाने अकरा कप मांडले. काकूंनी तो एक चहा बारा कपांमध्ये ओतला. समसमान, एक थेंब इकडे-तिकडे नाही. चाळीस वर्षांची सवय आहे ती.

"वन बाय टू ऐकलं होतं," संदीप म्हणाला. "हे वन बाय ट्वेल्व्ह."

प्रत्येकाला चमचाभर आला. आम्ही सगळ्यांनी काउंटरला उभं राहून तो गंभीरपणे प्यायला, कारण मालक बघत होता. काकूंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." मालकाला कसं कळलं देव जाणे, त्याने साखरेच्या बारा पुड्या पुढे ठेवल्या. मग एकेक जण मागे जाऊन आला, शिरीष सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभा राहिला, आणि निघताना बघितलं तर मालक स्वतः तेरावा कप घेऊन काकांसमोर उभा. हे लोक एवढं वाटून काय पितात ते त्यालाही बघायचं होतं. काकांनी आपल्या कपात उरलेला अर्धा चमचा त्याला दिला.

*

रोंडा गावाच्या मधोमध एवढी खोल दरी आहे की कठडा घट्ट धरूनच खाली बघावं लागतं. दरीवर जुना दगडी पूल. पुलावर पोचताच ग्रुप फोटो सुरू झाला. आमच्या ग्रुप फोटोत जो फोटो काढतो तो नसतो, म्हणून मग दुसरा काढतो, मग तो नसतो. हे बारा वेळा चालतं.

तिसऱ्या फोटोनंतर शिरीषने माझा हात ओढला. "चल, पटकन. आपल्याला कोणी बघत नाहीये."

आम्ही एका गल्लीतून अक्षरशः पळत खाली उतरलो. तिथून पूल समोर, उंच, दोन्ही बाजूंना कडे, खाली पाणी. वारा सुटला होता. आजूबाजूला एकही ओळखीचं माणूस नाही. त्याने माझा हात सोडला नव्हता. एकवीस वर्षांनी असं काही झालं की माणूस आधी संशयच घेतो.

"हाच तो तास नाही ना?" मी विचारलं.

"छे. हा ॲडव्हान्स."

मी हसले. आणि त्याचा फोन वाजला. काका.

"शिरीष, अरे तू फोटोत नाहीयेस. मनीषाही नाही."

"काका, आम्ही जरा..."

"दिसलात, दिसलात. ती निळी ओढणी ना? वर बघा."

वर बघितलं. पुलाच्या कठड्यावरून दहा छोटे छोटे हात हलत होते.

"हलू नका," काका फोनवर म्हणाले. "तिथेच उभे राहा. इथूनच घेतो तुम्हाला फोटोत."

तोच फोटो आता ग्रुपचा आयकॉन आहे. दहा हसरे चेहरे आणि मागे खोल दरीत एक निळा ठिपका. शिरीषचा ठिपका फोटो मोठा केल्यावर दिसतो.

*

निघायची वेळ साडेबारा. बसमध्ये नंबर सुरू झाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि सातला शांतता.

"संदीप कुठाय?" शिरीष.

"मला वाटलं, मागे बसलाय," प्रिया म्हणाली. बेसमेंट पद्धतीचा हा तोटा.

फोन लावला तर त्याच्याच सीटवर वाजला. मग शोधाशोध. शिरीष पुलाकडे पळाला, काका चर्चमध्ये, प्रिया दरीत डोकावून आली. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. माझ्या डोळ्यांपुढे साडेचारची वेळ आणि त्यातला माझा तास वितळत होता. मला संदीपची काळजी वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण दुसऱ्या नंबरावर.

शेवटी आंतोनियो उठला, पार्किंगमध्ये चक्कर मारून आला आणि बोटाने खूण केली. आमच्या बसच्या पलीकडे दुसरी पांढरी बस उभी होती. आत पुण्याहून आलेला टूरचा ग्रुप. संदीप मधल्या रांगेत खिडकीशी बसला होता. मांडीवर कागदाची ताटली, तिच्यात बेसनाच्या लाडवाचा चुरा.

"अरे, तू इथे काय करतोयस?" शिरीष ओरडला.

संदीपने बाहेर बघितलं, आत बघितलं, शेजारच्या आजोबांकडे बघितलं.

"सगळे मराठीच बोलत होते," तो म्हणाला. "मला शंका यायचं कारणच नव्हतं."

त्याच्याहून कमाल त्या बसमधल्या लोकांची. वीस मिनिटं एक अनोळखी माणूस आपल्यात बसलाय, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारचे आजोबा म्हणाले, "ते मागच्या रांगेतल्या कुलकर्ण्यांचे जावई नाहीत का?" संदीपला उतरवायला लागल्यावर त्यांना जरा वाईटच वाटलं. त्यांनी बरोबर दोन लाडू बांधून दिले.

*

रोंडाहून ग्रॅनाडापर्यंत नुसती ऑलिव्हची झाडं. डोंगर संपेपर्यंत ऑलिव्ह, पुढच्या डोंगरावर परत ऑलिव्ह. दुपारचं जेवण वाटेतल्या हॉटेलात. वेटरने बसल्या बसल्या प्रत्येकापुढे हिरव्या ऑलिव्हच्या वाट्या ठेवल्या आणि काकूंनी हात मागे घेतला.

"आज संकष्टी आहे. हे उपासाला चालतं का?"

प्रश्न साधा होता, पण त्यावर अर्धं जेवण गेलं. प्रिया म्हणाली, फळ आहे, चालतं. कोणी म्हणालं, पण मिठाच्या पाण्यात मुरवतात, म्हणजे लोणचं झालं. संदीप म्हणाला, ह्याचं तेल काढतात, म्हणजे शेंगदाण्यासारखं, आणि शेंगदाणा चालतो. दोन इंजिनिअर आणि एक डेटा सायंटिस्ट ह्या मुद्द्यावर भांडत होते. काकूंनी सकाळी हॉटेलच्या रूममध्ये छोट्या कुकरवर साबुदाण्याची खिचडी करून डब्यात आणली होती, त्या उपाशी नव्हत्याच. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

शेवटी काकांनी पुण्याला बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. घरातल्या उपासतापासाच्या बाबतीत कमाआत्यांचा शब्द शेवटचा.

"आत बी असते का?" कमाआत्यांनी विचारलं.

"असते."

"झाडावर येतं का वेलीवर?"

"झाडावर. इथे तेवढंच आहे."

"पूर्वी आपल्याकडे कोणी खायचं का?"

"नाही."

वेटरसुद्धा थांबला होता.

"मग आपल्याकडे ते चालत नाही असं कोणी सांगितलेलंही नाही," कमाआत्या म्हणाल्या. "खा म्हणावं. आणि येताना मला एक बाटली आण, माझी पुढची एकादशी आहे."

काकूंनी एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, चावलं, चेहरा वाकडा केला आणि वाटी काकांकडे सरकवली. "उपास नसता तरी मी हे खाल्लं नसतं," त्या म्हणाल्या.

*

आता शेवटचा.

अल्हाम्ब्राला पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. धापा टाकत वर चढलो. राजवाड्याच्या दारासमोर रांग लागलेली. शिरीषने पाकीट काढलं आणि नावं वाचून तिकिटं वाटायला सुरुवात केली. जोगळेकर दोन, संदीप-प्रिया दोन, असं करत दहा तिकिटं वाटली आणि थांबला. पाकीट उलटं केलं. खिसे चाचपले. चेहरा पडला.

"एका बुकिंगला दहाच मिळत होती," तो म्हणाला. "दुसरं बुकिंग... राहिलंच वाटतं माझ्याकडून. आमचं दोघांचं."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. काका म्हणाले, "अरे, सगळ्या गावाला पत्रिका वाटल्यास आणि नवरानवरीलाच बोलवायचं राहिलं?"

प्रियाने आपलं तिकीट माझ्या हातात कोंबलं, पण त्यावर तिचं नाव. काकूंनी माझा दंड धरला होता, तो सोडेनात. शिरीष मान खाली घालून सगळ्यांना म्हणाला, "तुम्ही जा. उशीर झाला तर कोणालाच घेणार नाहीत." दहाही जण मागे वळून बघत बघत रांगेत गेले.

समोर मोठा चौक होता, तिथल्या बाकावर मी जाऊन बसले. राग डोक्यात भिनला होता. बाराही जणांची औषधं, पासपोर्ट, ॲलर्जी ह्याला पाठ, आणि विसरला कोणाला, तर मला. तो येऊन शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

दोन तिकिटं. एक माझ्या नावाचं, एक त्याच्या. वेळ साडेपाच.

"ते तासभर आत," तो म्हणाला. "आपण तासभर इथे. मग आपण दोघं आत. तिसरं माणूस नाही."

मी कागदाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "तू खोटं बोललास? सगळ्यांसमोर?"

"मला नाही म्हणायला जमत नाही. खोटं बोलायला जमतं."

मला रडू आलं आणि हसूही आलं. सकाळपासून हा माणूस शिव्या खायची तयारी करून बसला होता, फक्त माझ्यासाठी. समोर बुरूज, त्यामागे बर्फाचे डोंगर, ऊन छान उतरलेलं. त्याने माझी चप्पल बघून विचारलं, "पाय दुखतायत का?" एवढंच. पण ते विचारताना त्याचा फोन बंद होता.

अशी सात-आठ मिनिटं गेली असतील.

"मनीषा! अगं मनीषा!"

चौकाच्या पलीकडून, खडबडीत फरशीवरून, एकमेकांचा हात धरून काका-काकू येत होते. मी दचकून उठले. शिरीषने कागद खिशात घातला.

"काय झालं, काकू? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय," काकू म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "रांगेत उभी होते, पण पाय पुढे पडेना. वर्षभर खपून ह्या पोरांनी आपल्याला इथवर आणलं, आणि तीच बाहेर? मी ह्यांना म्हटलं, चला परत."

"संदीप आत फोटो काढतोय," काका म्हणाले. "चार हजार काढेल. घरी बघू निवांत."

"काका, अजून पाच वाजले नाहीत," शिरीष काकुळतीला आला. "अजून सोडतील तुम्हाला. जा ना. प्लीज जा."

"तुम्ही येताय?"

"आम्हाला कसं येता येईल?"

"मग झालं," काकू म्हणाल्या.

शिरीषने माझ्याकडे बघितलं. हात खिशाशी होता. खरं सांगितलं असतं तर दोघं आत गेलेही असते. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की आम्हाला तुम्ही नको होतात. ओम झाला तेव्हा माझ्या आईचा व्हिसा नाकारला होता. ह्या बाईने बर्फातून रोज येऊन चाळीस दिवस त्याला अंघोळ घातली होती, माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले होते. मी शिरीषकडे बघून मान हलवली. नाही. त्याने हात खिशावरून काढला.

काकूंनी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढली आणि तिचे चार तुकडे केले. समसमान. मी तो तुकडा हातात घेतला, शिरीषकडे बघितलं, आणि आतून असं हसू आलं की आवरेना. मी तोंड ओढणीत लपवलं. खांदे हलायला लागले. शिरीषने माझ्याकडे बघितलं आणि तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचेही खांदे हलत होते.

"रडू नको गं," काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तिकिटांचं काय एवढं? शिरीष, तूही रडतोयस? चुकतं माणसाचं."

काका टोपी तोंडावर ओढून झोपले. काकूंनी मला त्यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली, मग धाकट्या नणंदेच्या लग्नाची. साडेपाचला समोरच्या दारापाशी नवी रांग लागली. लोक तिकिटं दाखवत एकेक करून आत गेले. शिरीष बघत होता, मीही बघत होते. काकूंची गोष्ट रुखवतापर्यंत आली होती आणि माझा हात त्यांच्या हातात होता. रांग संपली, दार लागलं.

सहाच्या सुमाराला बाकीचे आठ जण आले, फोटो दाखवायला लागले, एकमेकांना तोडत बोलायला लागले. बसमध्ये सगळे आपापल्या जागी, बायका पुढे, पुरुष मागे. शिरीषने नंबर घेतले. आंतोनियोला नारळाचा शेवटचा तुकडा मिळाला आणि बस निघाली.

प्रिया पुढे वाकून म्हणाली, "काकू, तुम्ही एवढ्या लांब येऊन असं कसं सोडलंत? आत काय सुंदर होतं."

काकूंनी आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज मागच्या सीटपर्यंत जातो.

"अगं, कशी जाणार मी आत? आम्ही आलो नसतो, तर बिचारी दोघंच बसली असती तासभर."